सन्मान निधीचा हप्ता: दुकानदाराच्या वहीत की स्वतःच्या बियाण्यात?

गेल्या काही आठवड्यांत गावबैठकांमध्ये आणि कार्यालयात शेतकऱ्यांनी केंद्राच्या पीएम-किसान व राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीच्या हप्त्यांविषयी अनेक प्रश्न विचारले. नीट पाहिले तर प्रश्न फिरून चारच आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न: आमची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि सोयाबीन-तूर घेतो. चार महिन्यांनी दोन हजार रुपये खात्यावर येतात. कृषी सेवा केंद्राचे मालक म्हणतात, हप्ता आला की आमच्याकडे जमा करत चला, हंगामात बियाणे, खत, टॉनिक सगळे देऊ, वरचे पैसे सुगीत द्या. तसे करावे का?

उत्तर: करू नये. केंद्राचे वर्षाला ६,००० रुपये आणि २०२३ पासून राज्याचे ६,००० रुपये, असे मिळून १२,००० म्हणजे महिन्याला १,००० रुपये होतात. एवढ्यात दोन एकरांची शेती उभी राहत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. परंतु या रकमेची खरी किंमत ती रोख आहे आणि तुमच्या नावावर आहे, यात आहे. रोखीने घेणारा शेतकरी चार दुकाने फिरून वाण विचारतो, पिशवीवरचा लॉट क्रमांक आणि मुदत वाचतो, पक्के बिल मागतो. उधारीने घेणाऱ्याला समोर ठेवली ती पिशवी उचलावी लागते, आणि बिल मागितले की मागची बाकी निघते. पुढे बियाणे उगवले नाही, तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीपुढे ठेवायला त्याच्याजवळ ना बिल असते ना पिशवीला लावलेली माहितीची चिठ्ठी, म्हणजे टॅग. हप्ता आधीच दुकानात जमा केला, म्हणजे रोखीचे हे एकमेव बळ तुम्ही स्वतःहून सोडून दिलेत.

एका शेतकऱ्याने आपल्या उधारीचा कागद मला दाखवला होता. वर बियाण्याच्या पिशव्या आणि डीएपी खत, त्याखाली ओळीने चार बाटल्या: एक वाढीची, एक फुलांची, एक दाणा भरण्याची आणि चौथीचे नाव त्यालाही लागेना. बाटल्यांची बेरीज खताच्या बेरजेपेक्षा जास्त होती. त्या बाटल्या कशासाठी घेतल्या, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘त्या घेतल्या नाहीत साहेब, त्या दिल्या.’ सन्मान निधीचे पैसे नेमके इथेच मुरतात. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे ही किंमत छापलेली असते, आणि त्या गोणीसोबत दुसरे काही घेण्याची सक्ती कोणीही तुमच्यावर करू शकत नाही. सक्ती केली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. तोंडी कुरकुरीवर कारवाई होत नाही.

आता वेळेचे पाहू, कारण दुकानदाराच्या खालोखाल नुकसान चुकीच्या वेळेने होते. एप्रिल ते जुलै या काळाचा केंद्राचा हप्ता २०२४ मध्ये १८ जूनला आला आणि २०२५ मध्ये २ ऑगस्टला आला. पेरणी या हप्त्याच्या भरवशावर ठेवलेल्या घरी दुसऱ्या वर्षी बियाणे उधारीवरच आले असणार, कारण २ ऑगस्टपर्यंत सोयाबीन फुलांवर आलेले असते. उलट, त्याच वर्षी आधीचा हप्ता २४ फेब्रुवारीला मिळाला होता. म्हणून हिवाळ्यातला हप्ता जूनसाठी बाजूला ठेवावा आणि पावसाळ्यात येणारा हप्ता हा जादाचा समजावा. दुसरीकडे, पैसा हातात आला म्हणून घाईने पेरणीही करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. दुबार पेरणीचा खर्च कोणताही हप्ता भरून काढत नाही.

यावर माझे आग्रहाचे सांगणे असे की सोयाबीनचे बियाणे दरवर्षी विकत घेऊच नये. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे, म्हणजे फुलाला स्वतःचाच पराग लागतो आणि वाण बदलत नाही. प्रमाणित बियाण्यापासून आलेले उत्पादन पुढची दोन-तीन वर्षे बियाणे म्हणून वापरता येते, आणि तरीही दरवर्षी नव्या पिशवीसाठी रांगा लागतात, याचे मला अजून आश्चर्य वाटते. दोन एकरांना ६० किलो बियाणे लागते. सुगीत तेवढे धान्य पावसात न भिजलेल्या ढिगातून वेगळे काढावे, मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० पर्यंतच ठेवावेत आणि ते ताडपत्रीवर चांगले वाळवून पोत्यांत भरावे. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते, त्यामुळे पोती आपटू नयेत आणि चार-पाचांपेक्षा जास्त थर लावू नयेत. असे केल्यास बाजूला ठेवलेल्या हप्त्यातून फक्त बीजप्रक्रियेची (पेरणीआधी बियाण्याला चोळायची) औषधे, जिवाणू संवर्धके आणि खताचा काही भाग घ्यावा लागतो. दोन-चार हजारांत बसेल असे हे काम आहे.

प्रश्न: यंदा हप्ता हातात आहे, तर सोयाबीनला युरियाचा एक डोस जास्त द्यावा आणि फवारणीत औषध थोडे वाढवावे, असे दुकानात सांगितले. योग्य आहे का?

उत्तर: नाही, आणि हे मी दरवर्षी सांगत आलो आहे. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश लागते आणि ते सर्व पेरणीसोबतच द्यायचे असते. मागाहून युरिया फेकला की झाड काळेभोर होते, माजते, शेंगा कमी लागतात आणि कीड वाढते. मग त्या किडीसाठी पुन्हा त्याच दुकानात जावे लागते. फवारणीचे औषध लेबलवर लिहिलेल्या मात्रेपेक्षा एक मिलिलिटरही वाढवू नये आणि तीन-चार औषधे एकाच पंपात मिसळू नयेत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरण्याइतके जुने झालेले नाही. पैसा आहे म्हणून फवारणी करायची नसते. आठवड्यातून एकदा शेतात फिरून किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली आहे का, म्हणजे नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होईल इतकी कीड आहे का, हे पाहावे, मगच पंप उचलावा. सुरुवातीच्या काळात ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, त्यात २०० ग्रॅम साबणाचे द्रावण मिसळावे आणि एकूण १०० लिटर करावे. निंबोळ्या बांधावर फुकट पडलेल्या असतात.

प्रश्न: हप्ता यजमानांच्या खात्यात येतो. तो शेतीतच घालावा, की मुलांच्या वह्या-पुस्तकांना आणि दवाखान्याला वापरला तर चालतो? (एका भगिनीचा प्रश्न.)

उत्तर: चालतो. हा पैसा खतासाठीच आहे अशी कोणतीही अट नाही. घरात ताप आला की दवाखान्यासाठी सावकाराकडे जावे लागते आणि ते फेडायला ओले सोयाबीन पहिल्याच आठवड्यात व्यापाऱ्याला घालावे लागते, हे मी घरोघरी पाहिले आहे. अशा वेळी हप्त्यातले हजार रुपये घरात असले, तर धान्य वाळेपर्यंत थांबता येते, म्हणजे तो पैसा शेतीलाच लागला. गरिबाच्या हातात रोख दिली की तो उडवतो, असे बोलणारे पुष्कळ भेटतात. मध्य प्रदेशात ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११-१२ मध्ये काही गावांत प्रत्येक प्रौढाला महिन्याला २०० आणि मुलामागे १०० रुपये विनाअट दिले, पुढे ते ३०० आणि १५० केले. तेथे लोकांनी स्वतःच्या शेतीवर आणि जनावरांवर जास्त खर्च केला आणि काही जण दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून आपल्या रानात राबू लागले. अनुभव माझाही तोच आहे. पैसे घरातले लोक उडवत नाहीत, ते उधारीची वही ठेवणारा दुकानदार ओढून नेतो. हप्ता आला की नवरा-बायकोने एकत्र बसून पेरणीचे पैसे आधी बाजूला काढावेत, हे मात्र जरूर करावे.

थांबण्याची सोय हवी असल्यास बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी करावी. धान्य गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते.

प्रश्न: हप्ता बंद पडला आहे, काय करावे?

उत्तर: बहुतेक वेळा ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) झालेली नसते, खाते आधारशी जोडलेले नसते किंवा जमिनीची नोंद अद्ययावत नसते. हे तिन्ही आधी तपासावे आणि शेतकरी ओळख क्रमांक काढलेला नसल्यास तो काढून घ्यावा. केंद्राचा मदत क्रमांक १५५२६१ आहे. आयकर भरणारे या योजनेत बसत नाहीत. यासाठी कोणत्याही मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

शेवटी उगवण चाचणीविषयी, कारण घरचे बियाणे म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ते उगवेल का? मे महिन्यात प्रत्येक पोत्यातून मूठभर दाणे काढून एकत्र मिसळावेत आणि निवड न करता त्यातले शंभर मोजून घ्यावेत. गोणपाटाचा धुतलेला ओला तुकडा पसरून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवून अधूनमधून पाणी शिंपडावे. अशा तीन गुंडाळ्या कराव्यात. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजावेत आणि तिन्हींची सरासरी काढावी. सत्तर किंवा अधिक आल्यास एकरी ३० किलो पेरावे. त्याखाली प्रत्येक टक्क्यामागे एकरी अर्धा किलो वाढवावे आणि आकडा साठच्या खाली गेल्यास ते बियाणे पेरू नये. तसे झाले तर जूनपूर्वी दुसरी सोय करायला हाताशी दोन-तीन आठवडे असतात आणि हिवाळ्यातला हप्ता शिल्लक असतो. मोजणीची तारीख आणि सरासरी एका कागदावर लिहून तो पोत्याला बांधून ठेवावा.