सोशल मीडिया कंपन्यांवर न्याय्य नियम यावेत म्हणून सामान्य माणूस काय करू शकतो? ऑनलाइन याचिकेवर सही करून काही होतं का?

सहीने काही होत नाही. इथेच थांबणार होतो, पण प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागला.

मी साक्री तालुक्यातला. ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. माझे मामा सायकलवर घंटी वाजवत गावोगाव 'बुढ्ढी के बाल' विकायचे. सप्टेंबर 2022 मध्ये पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा परत उठल्या, तेव्हा कोणीतरी त्यांचा फोटो काढला. सायकलीभोवती चार पोरं, मामांचा हात एका मुलीच्या खांद्यावर. खाली ओळ: 'हाच तो. सर्वांना पाठवा.' तालुक्याच्या बातम्या टाकणाऱ्या एका पेजवर तो चढला आणि दुपारपर्यंत माझ्याच दुकानात एक गिऱ्हाईक मला तो दाखवत होतं.

दुसऱ्या दिवशी एका गावात मामांची सायकल अडवली. आधार कार्ड मागितलं, एकाने कानाखाली दिली. डेअरीवाल्याने ओळखलं म्हणून सुटले. संध्याकाळी दुकानात येऊन बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "भाचा, मी काय चोर शे का रे?"

कानाखाली बसली एवढ्यावरच निभावलं, असं आम्ही का म्हणत होतो ते बाहेरच्यांना कळणार नाही. राईनपाडा आमच्याच तालुक्यात आहे. 1 जुलै 2018 ला तिथे भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना याच अफवेपायी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं होतं.

मी रात्रीच कंपनीकडे रीतसर तक्रार केली. सोशल मीडिया कंपन्यांसाठी सरकारने केलेल्या 2021 च्या आयटी नियमांत तेव्हा निकालाची मुदत 15 दिवस होती. तेराव्या दिवशी इंग्रजीत उत्तर आलं की पोस्ट आमच्या धोरणाविरुद्ध नाही. गंमत अशी, की पोस्ट त्याआधीच गेली होती. पेज चालवणारा पोरगा शेजारच्या गावचा निघाला, त्याच्या बापाला फोन केला, पोराने तासाभरात उडवली. पण तोवर फोटो कुठे कुठे पोचला होता देव जाणे.

म्हणजे कंपनी कायद्याच्या आतच होती! जमाव जमायला अर्धा तास लागतो आणि कायदा 15 दिवस देत होता. त्याच ऑक्टोबरात नियम बदलले, ठरावीक प्रकारच्या मजकुरासाठी मुदत 72 तासांवर आली आणि कंपनीच्या निर्णयावर दाद मागायला अपील समितीची तरतूद झाली.

पुण्यात आयटीत असलेला माझा आतेभाऊ मात्र दर दिवाळीला तेच ऐकवतो: "पाठवणारी आपलीच माणसं, कंपनीचा काय दोष? शेवटी पोस्ट माणसानेच काढली ना?" त्याला आज इथेच उत्तर देतो. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली, फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढलं. एप्रिल 2020 मध्ये वारंवार फिरलेल्या मेसेजला एका वेळी एकच चॅट केलं, आणि असे मेसेज 70 टक्क्यांनी घटले असं कंपनीनेच जाहीर केलं. लोक तेच होते ना रे भो? मग फरक कशाने पडला? तोटी त्यांच्या हातात होती, आणि ती पिळायला माणसं मरावी लागली. माझा दावा एवढाच आहे.

तर तुमच्या प्रश्नाकडे येतो. सरकार किंवा नियामक मसुदा काढून हरकती मागवतो, तेव्हा लिहा. 2015 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या साइटना सारखी वागणूक मिळावी म्हणून, लोकांनी ट्रायला (दूरसंचार नियामकाला) 10 लाखांहून जास्त ईमेल केले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये ट्रायने वेगवेगळ्या साइटला वेगवेगळे डेटा दर लावायला बंदी घातली. फ्री बेसिक्स, म्हणजे फेसबुकची निवडक साइट फुकट दाखवायची योजना, तिचं दुकान इथलं बंद झालं. दुसरं, तक्रार फेटाळली की अपील करा, सोडून देऊ नका. खानदेशाचे चार खासदार आहेत, त्यांच्या कार्यालयात कागद द्या आणि पोच घ्या. मराठीत लिहिलं तरी चालतं. मागणी मोघम नको. मी लिहितो ती अशी: जीवावर बेतणाऱ्या अफवेची तक्रार काही तासांत बघा, मराठी वाचणाऱ्या माणसाने बघा, आणि नाकारलीत तर कारण मराठीत द्या.

एक सांगायचं राहिलं. 'कडक कायदा करा' एवढंच मागू नका. आयटी कायद्यात ऑनलाइन मजकुरावरून अटक करू देणारं 66अ कलम होतं तेव्हा 2012 मध्ये पालघरला फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली होती, सुप्रीम कोर्टाने ते कलम 2015 मध्ये रद्द केलं. पहिला मेसेज कोणाचा ते शोधून द्या, ही सरकारची अटही मला पटत नाही, त्यापायी सगळ्यांच्याच मेसेजचं कुलूप उघडावं लागेल. आतेभाऊही हेच म्हणतो. इथे तो बरोबर आहे, हे त्याला सांगू नका.

मामा आता साक्रीतच एका शाळेसमोर उभे राहतात. सायकलची घंटी त्यांनी तेव्हाच काढून टाकली, ती माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.