वाचकांचे प्रश्न : गुडघ्याची वाटी, दबलेली शीर आणि देहदान

(उत्तरं देणाऱ्या डॉक्टर शरीररचनाशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत.)

प्रश्न : मॅडम, मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, घरी शेती, दहावीपर्यंत मराठी शाळा. ॲनाटॉमीची नावं रात्री दोनपर्यंत पाठ करते आणि सकाळी डिसेक्शन हॉलमध्ये उभी राहिले की डोकं कोरं. परवा व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हातात हाड दिलं. कुठलं आहे ते कळत होतं, पण नाव तोंडातून निघेना. सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. मराठी माध्यमातल्या मुलींनी इकडे यायलाच नको होतं का?

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. १९७७ साली मी तुझ्याच जागी उभी होते. सोलापूर जिल्ह्यातलं खेडं, मराठी शाळा, आणि पहिलीच पार्ट एन्डिंग परीक्षा. परीक्षकांनी माझ्यापुढे एक छोटं तिकोनी हाड सरकवलं. मी लगेच म्हटलं, "गुडघ्याची वाटी." ते म्हणाले, "स्वयंपाकाची परीक्षा नाही ही." मार्क शून्य. रात्री वसतिगृहात उशीत तोंड खुपसून रडले.

काही महिन्यांनी ग्रंथालयात लॅटिन शब्दांचा एक जुना कोश हाती लागला. त्यात वाटीचं पुस्तकी नाव, पटेला, शोधलं. अर्थ होता लहानशी थाळी, वाटी. म्हणजे रोममधल्या कुणाला त्या हाडात जे दिसलं, तेच माझ्या आजीला दिसलं होतं! त्या क्षणी माझी भीती गेली ती गेलीच. पुढे तीस-बत्तीस वर्षं शिकवताना प्रत्येक बॅचला मी हा कोश दाखवला.

तू ज्या नावांना घाबरतेस ती घरातल्या, अंगणातल्या, शेतातल्या वस्तूंची नावं आहेत. टिबिया म्हणजे बासरी. आपण तिथे नडगी म्हणतो. तिच्या शेजारची बारीक फिब्युला म्हणजे अंगावरचं वस्त्र अडकवायची पिन. कमरेखालचं हाडांचं कडं, पेल्विस, म्हणजे घंगाळ. खुब्याच्या हाडातला खोलगट खळगा, ॲसिटॅब्युलम, म्हणजे रोमन लोकांच्या जेवणातली व्हिनेगरची वाटी. कानातली कॉक्लिया गोगलगाय. कॉक्सिक्स कोकिळेची चोच, आपण त्यालाच माकडहाड म्हणतो. आणि तुझ्या घरी शेती आहे म्हणतेस, तर नाकाच्या पडद्यातलं व्होमर तू विसरूच शकत नाहीस. व्होमर म्हणजे नांगराचा फाळ. हाड हातात घेऊन बघ, फाळच आहे.

आता अभ्यासाचं. यादी घेऊन बसू नकोस. आधी हाड घे, डोळे मिट, अंगठ्यानं चाचप. कुठे गुळगुळीत, कुठे खरखरीत, कुठे धार, ते मराठीत मोठ्यानं बोल. मग पुस्तक उघड. वाटीचंच घे. सांध्याची गुळगुळीत बाजू खाली करून ती टेबलावर ठेव, निमुळतं टोक तुझ्यापासून पलीकडे, आणि बोट काढ. ज्या पायाची असेल त्या बाजूला ती कलंडते. कारण बाहेरच्या बाजूचा पैलू आतल्या पैलूपेक्षा मोठा असतो. उजवी की डावी हे पाठ करायची गरजच उरत नाही, हाड स्वतः सांगतं. तसंच गळपट्टीचं हाड, क्लॅव्हिकल. गळ्याच्या मधल्या खळग्यातून बोट बाजूला ने, जाडसर टोक लागेल. तिथून खांद्यापर्यंत बोट फिरव. हाड आधी पुढे फुगतं, मग मागे वळतं. आता बोट तिथेच ठेवून दुसऱ्या कुणाला तुझा तो हात डोक्यावर न्यायला सांग. हाड बोटाखाली स्वतःभोवती वळतं. क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. हे एकदा स्वतःच्या अंगावर केलंस की व्हायवात कुणीही विचारू दे.

नावांचा पसारा तुलाच जड जातो असंही समजू नकोस. एकोणिसाव्या शतकात एकेका भागाला इतकी नावं होती की एकूण आकडा ५०,००० च्या आसपास गेला होता. १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ती छाटून साडेपाच हजारांपर्यंत आणली. माणसांच्या नावांवरून पडलेली नावंही पुढे अधिकृत यादीतून गळली, म्हणून कानापासून घशापर्यंतच्या नळीला, युस्टाशियन ट्यूबला, तुझ्या पुस्तकात ऑडिटरी ट्यूब लिहिलेलं दिसेल. दवाखान्यात मात्र जुनी नावं अजून चालतात. दोन्ही ठाऊक असू दे.

आणखी एका माणसाबद्दल सांगायचा मोह आवरत नाही. ग्रेज अनॅटॉमी हे शरीररचनेचं प्रसिद्ध पुस्तक १८५८ साली निघालं. त्यातली चित्रं हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांची. त्याआधीच्या बऱ्याच पुस्तकांत चित्रावर बारीक अक्षरं असत आणि नावं लांब कुठेतरी यादीत. कार्टर यांनी नाव थेट त्या स्नायूवर, त्या नसेवर लिहिलं. बघताना नाव, नाव वाचताना वस्तू. आणि पुस्तक छापून आलं तेव्हा कार्टर होते आपल्या भारतात. पुढे त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवली. तूही तसंच कर. वहीत हाडाचं चित्र काढ आणि नाव हाडावरच लिही, बाजूला नको.

राहिला मराठीचा प्रश्न. परीक्षा इंग्रजीत आहे, तेव्हा उत्तर इंग्रजीत मोठ्यानं म्हणायची सवय लावावीच लागेल. डिसेक्शनच्या टेबलावरच्या एखाद्या मैत्रिणीला रोज दहा मिनिटं मागून घे. पण वॉर्डात गेलीस की तुझी मराठी कामाला येणार आहे. आमच्याकडे उत्तरेतून आलेला एक इंटर्न होता, अतिशय हुशार. म्हातारी म्हणाली, "जांघेत अवधाण आलंय." हिंदीत जांघ म्हणजे मांडी, म्हणून त्यानं आख्खी मांडी तपासली आणि 'काही नाही' लिहिलं. गाठ वर होती, मांडी आणि पोट मिळतात तिथे. मराठीत जांघ ती. तुला हे कुणी शिकवावं लागणार नाही.

प्रश्न : वडिलांची कंबर दुखते आणि कळ पायात उतरते. डॉक्टर म्हणाले शीर दबली आहे. आई म्हणते शिरेवर शीर चढली. शेजारचे म्हणतात नस ब्लॉक झाली, हार्ट सांभाळा. रक्ताची शीर दबली असेल तर अटॅक येईल का? आम्ही फार घाबरलोय.

उत्तर : घाबरू नका. हा गोंधळ 'शीर' या शब्दानं घातलेला आहे. आपण तीन अगदी वेगळ्या गोष्टींना शीर म्हणतो. हाताच्या पंज्याच्या मागे निळसर दिसते ती रक्ताची शीर. आता तळहात वर करा, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मध्यभागी ताठ दोरीसारखं काही उठून येईल. त्यालाही आपण शीरच म्हणतो, पण तो स्नायूचा दोर आहे, कंडरा. (काहींना तो नसतोच, त्यानं काही बिघडत नाही.) तिसरी वरून दिसत नाही. ती चेतातंतूंची, डॉक्टर जिला नर्व्ह म्हणतात. डिसेक्शनमध्ये ती पांढरट, भरीव, सुती दोरासारखी दिसते. तिच्यातून रक्त वाहत नाही, संदेश जातात.

तुमच्या वर्णनावरून वडिलांची दबलेली आहे ती ही तिसरी. कमरेच्या मणक्यांमधून निघणारे धागे एकत्र येऊन सायटिक नर्व्ह होते, शरीरातली सर्वांत जाड. ढुंगणातून मांडीच्या मागून ती खाली जाते. मणक्यांमधली गादी सरकून तिच्या मुळावर दाब आला की दुखणं पायात जाणवतं, कारण मेंदूला तो निरोप पायाकडून आल्यासारखा वाटतो. याचा हृदयाशी संबंध नाही. आई म्हणते ती शिरेवर चढलेली शीर म्हणजे बहुतेक वेळा आखडलेला स्नायू असतो. कशावर काही चढत नाही. म्हणून कुणाकडून ती उतरवून घेऊ नका, जोरानं तर अजिबात नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलता येईनासं झालं, तर रात्र असो की दिवस, त्याच वेळी रुग्णालय गाठा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, "कुठली शीर? रक्ताची की नर्व्ह?" विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : मी मराठी शिकवतो. काळीज म्हणजे हृदय की यकृत? मुलं विचारतात, कारण मटणाच्या दुकानात कलेजी वेगळीच मिळते.

उत्तर : मुलं बरोबर आहेत. काळीज हा शब्द मुळात यकृताचा. मटणवाला कलेजी म्हणून जे देतो ते यकृतच, गडद, गुळगुळीत, जड. बोलण्यात मात्र धैर्य, माया, दुःख सगळं काळजात गेलं आणि अर्थ हळूहळू छातीत सरकला. दोन्ही अर्थ शिकवा. वर्गात सांगण्यासारखा दुसरा शब्द धमनी. तो 'धम्' म्हणजे फुंकणे या धातूवरून आलाय, भात्याची नळी म्हणतात तशी. प्राचीन ग्रीक वैद्यांनाही धमन्यांतून वायू वाहतो असंच वाटलं होतं, कारण मेल्यावर त्या रिकाम्या सापडतात. टाळूही सांगा. बाळाच्या डोक्यावरची ती टाळू आणि तोंडातला वरचा भागही टाळूच. रुग्ण 'टाळू दुखते' म्हणाला की आम्ही आधी बोट कुठे ठेवतो ते बघतो.

प्रश्न : सुश्रुतांनी ३०० हाडं सांगितली, आज २०६ म्हणतात. सुश्रुत चुकले का?

उत्तर : मोजायची पद्धत वेगळी होती. सुश्रुतसंहितेत दात हाडांत धरले आहेत, कानात-नाकात असते ती लवचीक कूर्चाही 'तरुण' अस्थी म्हणून धरली आहे. चरकसंहितेत तर ३६०, कारण तिथे नखंही आहेत. हाड कशाला म्हणायचं हे ठरवल्याशिवाय आकडा ठरत नाही. आणि २०६ हा मोठ्या माणसाचा आकडा, तान्ह्या बाळात वेगवेगळे तुकडे बरेच जास्त असतात, ते पुढे सांधले जातात. मला सुश्रुतांचं मोल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. देह गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचा, सात रात्रींनंतर काढून थर अलगद घासून सोडवायचे आणि प्रत्येक भाग डोळ्यांनी बघायचा, असं त्यात लिहिलेलं आहे. ऐकून नव्हे, बघून शिका, हा आग्रह तेव्हा धरणं मोठी गोष्ट होती.

प्रश्न : माझं वय ७४. देहदान करायची इच्छा आहे. मुलगा तयार नाही, म्हणतो चिरफाड कशाला. आमच्या ओळखीच्या एकांचा देह महाविद्यालयानं परत पाठवला, त्यामुळे मलाही शंका आहे. नेत्रदान आणि देहदान दोन्ही होतं का? अस्थी मिळतात का?

उत्तर : सर्वांत आधी, मनापासून नमस्कार. मी शिकले तेव्हा टेबलावर बहुतेक बेवारस देह असत. १९४९ च्या कायद्यानं ते महाविद्यालयांना मिळत. त्यांचं नाव-गाव आम्हाला कळत नसे. एकदा एका देहाच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला बारीक टोचण्यांनी जाड झालेली कातडी दिसली. आम्ही चौघी गप्प झालो. शिंपी असावेत. त्यानंतर त्या हातावर काम करताना आमच्यापैकी कुणीही मोठ्यानं बोललं नाही. पुढे मी शिकवायला लागल्यावर पहिल्या दिवशी मुलांना ती गोष्ट सांगून मगच चादर काढायचे.

मुलाच्या मनातली चिरफाड बहुधा पोस्टमॉर्टेमची आहे. मराठीत दोन्हीला शवविच्छेदन म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. पोस्टमॉर्टेम मृत्यूचं कारण शोधायला, काही तासांत उरकतं. डिसेक्शन महिनोन् महिने चालतं, एकेक थर बाजूला करत, खालचा धागा तुटू न देता. विद्यार्थी देहासमोर शपथ घेतात. मुलाला शक्य असेल तर जवळच्या महाविद्यालयातल्या ॲनाटॉमी विभागात घेऊन जा आणि तिथल्या शिक्षकांशी बोलू द्या.

देह परत का जातो तेही सांगते. मांडीच्या धमनीतून देह टिकवणारं फॉर्मेलिनचं मिश्रण सोडून ते अंगभर पोचवावं लागतं. पोस्टमॉर्टेम झालं असेल तर रक्तवाहिन्या कापलेल्या असतात, मिश्रण पोचत नाही. काही संसर्गजन्य आजारांत विद्यार्थ्यांना धोका असतो. आणि उशीर झाला, विशेषतः उन्हाळ्यात, तर देह टिकवता येत नाही. म्हणून मृत्यूनंतर काही तासांतच कळवायचं. नेत्रदान आणि देहदान दोन्ही होतं. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला बोलवा, मग देह महाविद्यालयाकडे. पंखा बंद, डोळे मिटून त्यावर ओला कापूस. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार हवा. अस्थींविषयी त्या विभागात आधीच विचारून ठेवा, त्या मिळतील असं गृहीत धरू नका.

तुम्ही अर्ज भरलात तरी त्या वेळी जवळच्या माणसांनी होकार दिला नाही तर कुणी देह नेणार नाही. म्हणून मुलाशी भांडून अर्ज भरू नका, त्याला वेळ द्या. तो तयार झाला की अर्जाची एक प्रत त्याच्याकडे, एक सुनेकडे, आणि विभागाचा फोन नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर. वेळ आली की नंबर शोधायला कुणाचे डोळे कोरडे नसतात.