समन्स पुण्याचं, माहेर कोल्हापूरचं

प्रश्न : आमचं लग्न नाशिकला झालं, संसार पुण्यात केला. आठ महिन्यांपासून मी तीन वर्षांच्या मुलीला घेऊन कोल्हापूरला माहेरी आहे. नवऱ्याने पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटासाठी अर्ज केलाय, त्याचं समन्स आलंय. तिकडे न जाता मी कोल्हापुरातच केस केली तर चालेल का?

ताई, कोल्हापूरचं काय ते ठरेल तेव्हा ठरेल, पुण्याची तारीख मात्र चुकवू नका. गैरहजर राहिलात तर प्रकरण एकतर्फी चालू शकतं, आणि मग तो निकाल रद्द करून घेण्यातच वर्षं जातात.

तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं आहे असं धरून लिहिते. त्याच्या कलम १९ नुसार लग्न जिथे लागलं, सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) जिथे राहतो किंवा दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिलात, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. त्यामुळे नवऱ्याने पुणं निवडलं यात बेकायदेशीर काही नाही. २००३ साली याच कलमात बायकांसाठी एक मोलाची भर पडली : अर्जदार पत्नी असेल, तर ती सध्या राहते तिथेही दाद मागू शकते. म्हणजे कोल्हापूरचा हक्क तुम्हाला आहेच.

पण तुमच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. त्यांनी अर्ज आधी केलाय. कलम २१-अ म्हणतं, एकाने घटस्फोट मागितल्यावर दुसऱ्याने वेगळ्या न्यायालयात घटस्फोट मागितला, तर नंतरचा अर्ज आधीच्या न्यायालयाकडे वर्ग व्हावा. त्यामुळे तुम्ही कोल्हापुरात घटस्फोट मागितलात तरी ते प्रकरण पुण्यालाच जाईल.

खरा मार्ग उच्च न्यायालयातून जातो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली नवऱ्याचं प्रकरण कोल्हापूरला वर्ग करण्याचा अर्ज करा. लहान मूल, स्वतःचं उत्पन्न नसणं, सोबतीला कोणी नसणं, यातलं जे खरं असेल ते कागदपत्रांसह मांडा. पत्नीच्या गैरसोयीला न्यायालयं वजन देतात, पण नुसतं ‘लांब पडतं’ म्हणून भागत नाही.

तोवर पुण्यात वकिलामार्फत हजर व्हा. कौटुंबिक न्यायालयात वकील देणं हा आपोआप मिळणारा हक्क नाही, त्यासाठी परवानगीचा अर्ज लागतो. समुपदेशकाकडे तर तुम्हाला स्वतःलाच जावं लागेल. उत्पन्न अपुरं असेल, तर कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च लगेच मागा, त्यात प्रवासाचा खर्चही मांडा. (हे कलम २४ हिंदू विवाह कायद्यातलं. आकडा एकच असल्याने गोंधळ होतो.)

पोटगीचा स्वतंत्र अर्ज, आणि छळ झाला असेल तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज, तुम्ही राहता तिथे म्हणजे कोल्हापुरातच करता येतो. कलम २१-अ त्यांना लागू नाही. मात्र जिथे जो अर्ज कराल, त्यात पुण्याच्या प्रकरणाचा उल्लेख नंबरासह करा.