घरात सायकल आहे, नवरा नाही

"ताई, मी एकोणचाळीस वर्षांचा, हिंजवडीत आयटीत आहे, राहायला कोथरूडला. गोव्याच्या हाफ आयर्नमॅन शर्यतीचा फॉर्म भरलाय, पाच महिने उरलेत. कोचने आठवड्याला बारा तासांचा प्लॅन दिलाय, त्यातला निम्माच होतो. रोज काहीतरी बुडतं, मग चिडचिड. बायको म्हणते, 'घरात सायकल आहे, नवरा नाही.' रविवारी बाहेर पडताना चोरासारखं वाटतं. वेळ कुठून काढू?"

तुमचं मूळ पत्र बरंच लांब होतं. नव्या चाकांवर सहा ओळी होत्या, त्या मी गाळल्या. बायकोबद्दल एकच ओळ होती, तीही तिचीच. ती सकाळी किती वाजता निघते, मुलीचा डबा कोण भरतं, याचा पत्ता नाही. वेळ तिथेच अडकलाय, असा मला संशय आहे.

माझा भाचा या वेडातून गेलाय, म्हणून थोडं माहीत आहे. हाफ आयर्नमॅन म्हणजे सलग 1.9 किलोमीटर पोहणं, 90 सायकल, 21.1 धावणं. नोकरी करणाऱ्याला नीट पूर्ण करायची असेल तर आठवड्याचे आठ-नऊ तास पुरावेत. बारा तासांचा कागद फ्रीजवर लावून सहा तास करण्यापेक्षा कोचला सरळ सांगा, "आठच आहेत, त्यात बसवा." ऐकत नसेल तर कोच बदला.

मंगळवारी आणि गुरुवारी तलावावरची सकाळची पहिली बॅच धरून पाऊण-पाऊण तास पोहा. बुधवारी ऑफिसला सायकलने जा. सोळा किलोमीटर म्हणता, तर हायवे टाळून पाषाण-बाणेरमार्गे तासाभरात पोहोचाल. कपडे आदल्या दिवशी ड्रॉवरमध्ये ठेवा. संध्याकाळच्या हिंजवडीच्या गर्दीत मात्र शौर्य नको. सायकल तिथेच राहू द्या, कंपनीच्या बसने या आणि दुसऱ्या दिवशी गर्दी नसेल अशा वेळी परत आणा. सोमवारी आणि शुक्रवारी टेकडीवर पाऊण-पाऊण तास धावा.

लांबची राइड शनिवारी. पावणेपाचला निघून पानशेत, साडेआठ-नऊला घरी. उतरल्या उतरल्या वीस मिनिटं पळा. पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतील, त्याचीच सवय लावायची असते. सिंहगड चढून फोटो टाकण्याचा मोह महिन्यातून एकदाच पुरवा. समुद्राची सवय गोव्यात आधी एकदा जाऊन, ग्रुपबरोबर करा. खडकवासल्यात एकट्याने उतरू नका, हे मात्र हात जोडून सांगते.

आणि रविवार अजिबात नाही. पोहे तुम्ही करा, मुलीला क्लासला तुम्ही सोडा, व्यायाम नोंदवणारं ते स्ट्राव्हा ॲप बंद. पहाटे साडेचारला उठायचं तर रात्री साडेनऊला झोपावंच लागतं, म्हणजे जेवणानंतरची आवराआवर बायकोच्या गळ्यात पडते. तेव्हा ती आवराआवर कशाच्या बदल्यात, हे तिच्याशी आधी बोला. शनिवारी ती चार तास एकटी सांभाळते, मग तिचे चार तास कुठले? तिला विचारा, तुम्ही ठरवू नका.

एखादा दिवस बुडाला तर सोडून द्या. बुधवारचं गुरुवारी भरून काढायला गेलात की गुडघा बोलतो आणि गुरुवारही जातो. मुलगी तापली, ऑफिसची रिलीज लांबली, तर तो दिवस गेला.

भाच्याने एकदा पहाटे चारला केळ्याच्या शेकसाठी मिक्सर लावला होता. त्याची आई, बायको आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा असे तिघे उठले. केळं नुसतं सोलूनही खाता येतं.

सायकल आजच हॉलमधून बाल्कनीत हलवा. पावसाचे शिंतोडे लागतील म्हणाल, तर वर एखादी जुनी चादर टाका. तिची साडी नको.