पीएफला हात लावण्याआधी रिफंड मागा

डोंबिवलीहून एका ताईंचं 2020 मध्ये, कोविडच्या काळात पत्र आलं होतं. खालचं उत्तर आणि त्यातले नियम तेव्हाचे आहेत. मिस्टरांची इंटिरिअरची कामं मार्चपासून ठप्प आहेत. गृहकर्जाचे मार्च ते ऑगस्ट 2020 असे सहा हप्ते मोरॅटोरियममध्ये (हप्ते पुढे ढकलण्याच्या सवलतीत) टाकले होते, सप्टेंबरपासून 24 हजारांचा हप्ता पुन्हा सुरू होणार होता. त्यासाठी ताईंनी स्वतःच्या पीएफमधून कोविडसाठीचा 72 हजारांचा अ‍ॅडव्हान्स काढावा का, असा प्रश्न आहे. जाता जाता त्यांनी लिहिलंय, की आयकर रिटर्नची तारीख 30 नोव्हेंबर 2020 पर्यंत गेली, त्यामुळे यंदा घाई नाही.

ताई, घाई आहे ती तिथेच. ज्याला कर भरायचाय, त्याला मुदतवाढ सोयीची. तुमचे तर पैसे सरकारकडून यायचेत. मिस्टरांना 2019-20 मध्ये कामाचे 9 लाख मिळाले, त्यातले 7 लाख कंपन्यांकडून. त्यांनी 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला, म्हणजे 70 हजार. इंटिरिअर डेकोरेशन आयकर कायद्याच्या 44एडीए या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कलमात बसतं, त्यामुळे मिळालेल्या रकमेच्या निम्मी, साडेचार लाख, उत्पन्न म्हणून दाखवता येते (खरा नफा त्याहून जास्त असेल तर तो दाखवायचा). त्यात एफडीचं 20 हजार व्याज मिळवलं तरी बेरीज पाच लाखांच्या आतच राहते. पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणारी 87ए कलमाची सूट मिळून कर शून्य आणि 70 हजार पूर्ण परत. तुम्ही पीएफमधून काढायला निघालात, जवळपास तेवढेच!

आयटीआर-4 (अशा व्यावसायिकांचा रिटर्न फॉर्म) भरण्याआधी मिस्टरांचा 26एएस, म्हणजे त्यांच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडून प्रत्येक कंपनीची कपात जमा दिसते का, ते बघा. जानेवारी-मार्चची कपात बऱ्याचदा गायब असते. तसं असेल तर त्या कंपनीच्या अकाउंट्सवाल्याला फोन करून पॅन बरोबर टाकलाय का, विचारा. बँक खातं आयकर पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट (आधीच पडताळून) केलेलं हवं. आणि रिटर्न भरल्याबरोबर आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. ते राहिलं तर रिटर्न भरूनही न भरल्यासारखंच, आणि नेमकं तेच लोक विसरतात.

रिफंड हातात पडायला काही आठवडे जातील. तोवरचा एखाद-दुसरा हप्ता एफडीतून भरा. तिच्यावर मिळणारं व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमीच आहे.

आता पीएफ. कोविडच्या त्या सवलतीत तीन महिन्यांचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) किंवा शिलकीचे 75 टक्के, यातली कमी असेल ती रक्कम मिळत होती. तुमचा बेसिक 24 हजार, म्हणून 72 हजार. ती परत भरता येत नाही आणि 2020 मध्ये ही सवलत एकदाच होती. सरासरी 8 टक्के व्याज धरलं तरी 72 हजारांचे 20 वर्षांत 3 लाख 35 हजारांच्या आसपास होतात. म्हणून ती राखीव ठेवा. एफडी संपली, रिफंड अडकला आणि क्रेडिट कार्डावर घर चालवायची पाळी आली, तर मात्र बिनदिक्कत काढा. कार्डाचं व्याज पीएफच्या कितीतरी पट असतं.

मोरॅटोरियमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. 22 लाख शिल्लक आणि साडेआठ टक्के दर धरला, तर सहा महिन्यांत साधारण 95 हजार व्याज मुद्दलात चढलं. हप्ता तोच ठेवलात, तर सहा हप्ते टाळून शेवटी बारा वाढले. सुप्रीम कोर्टात तेव्हा व्याजावरच्या व्याजाचा वाद चालू होता. त्यात दिलासा मिळाला तरी तुमच्या हिशेबात तो भाग दीड-दोन हजारांचा आहे, त्यावर आशा लावून बसू नका. बँकेकडून नवं वेळापत्रक लेखी मागवा आणि कामं सुरू झाली की जमेल तेव्हा थोडं पार्ट पेमेंट करा.

एक राहिलंच. 14 मे 2020 पासून मिस्टरांच्या बिलांवर साडेसात टक्केच टीडीएस कापला जात होता. हा दर 31 मार्च 2021 पर्यंतच होता. पण यंदा कमाई इतकी घसरली असेल, तर तेवढा तरी कशाला कापू द्यायचा? फॉर्म 13 ऑनलाइन भरून कमी किंवा शून्य कपातीचा दाखला मागता येतो. एरवी छोट्या व्यावसायिकाला मी एवढा खटाटोप सांगत नाही, यंदा सांगतोय.