सस्कॅचेवानमधली शाळा १४ वर्षांच्या मुलाचं नवं नाव पालकांना न विचारता वापरू शकते का?

नाही, नाव लिंगओळखीमुळे बदलत असेल आणि मूल १६ वर्षांखालचं असेल तर कॅनडाच्या या प्रांतात शाळेला आधी पालकांची संमती घ्यावी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रांताच्या शिक्षण कायद्यातच ही तरतूद घातली गेली. मूलभूत हक्कांच्या मुद्द्यावर ती कोर्टात टिकणार नाही, ही धास्ती सरकारला असावी, कारण राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेला बाजूला सारणारं ३३ वं कलम सोबतच वापरलं. घरी सांगितल्याने मुलाला शारीरिक, मानसिक किंवा भावनिक इजा होईल असं वाटलं, तर मुख्याध्यापकांनी त्याला समुपदेशनासारखी मदत मिळवून द्यायची असते. बरेच जण याला सूट समजतात. ती सूट नाही. पालकांशी कसं बोलायचं याची तयारी करून घेण्यापुरतीच ती मदत आहे, संमतीची अट सुटत नाही. सोनू-बंटीसारखी लाडाची नावं अर्थात यात येत नाहीत. मात्र हे फक्त सस्कॅचेवानचं झालं, प्रांत बदलला की नियम बदलतो: शेजारच्या अल्बर्टात सप्टेंबर २०२५ पासून १६ वर्षांखाली संमती लागतेच, शिवाय १६-१७ वर्षांच्या मुलांबाबतही पालकांना कळवावं लागतं.