बाप्तिस्मा, स्नानसंस्कार की बारसे?

प्रश्न असा आला आहे: वसईच्या स्नेह्यांकडून आलेल्या पत्रिकेवर ‘स्नानसंस्कार’ छापले आहे, मराठी बायबलमध्ये त्याच जागी ‘बाप्तिस्मा’ आहे आणि वर्तमानपत्रातल्या एका बातमीत ‘ख्रिस्ती पद्धतीने बारसे’ असे आहे. तिन्ही एकच का? शिवाय चर्चच्या इंग्रजी दाखल्याचे मराठी भाषांतर करायचे आहे, त्यातल्या ‘स्पॉन्सर’ आणि ‘मिनिस्टर’ या रकान्यांना काय म्हणावे?

पहिले दोन शब्द एकाच गोष्टीचे आहेत. तिसरा चूक आहे, आणि ही चूक साधी नाही.

‘बाप्तिस्मा’ मूळचा ग्रीक. ‘बाप्तीझो’ या क्रियापदाचा अर्थ बुडवणे, बुचकळणे, धुणे. त्यावरून ‘बाप्तिस्मा’ हे नाम. मराठीने ते जवळजवळ जसेच्या तसे घेतले. भाषांतर का केले नाही, असे अनेकांना वाटते. त्यामागे एक जुना वाद आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनमधून 1811 मध्ये मराठी नवा करार छापला गेला. तिथले विल्यम कॅरी आणि त्यांचे सहकारी बाप्टिस्ट पंथाचे. या पंथात प्रौढ माणसाला पूर्ण पाण्यात बुडवूनच हा विधी करतात. बंगाली भाषांतरात बाप्टिस्टांनी या शब्दासाठी ‘बुडवणे’ अशा अर्थाचा शब्द घातला, तेव्हा 1830 च्या दशकात लंडनच्या बायबल सोसायटीने त्या भाषांतराला मदत नाकारली. डोक्यावर पाणी ओतणाऱ्या पंथांना तो शब्द मान्य होणे शक्य नव्हते. हा वाद अमेरिकेपर्यंत पोचला आणि 1836 मध्ये तिथल्या बाप्टिस्टांनी आपली वेगळी बायबल सोसायटी काढली. मूळ ग्रीक शब्द तसाच ठेवला की पाणी ओतायचे की बुडवायचे, यावर शब्द स्वतः काहीच बोलत नाही. सगळ्या पंथांना चालणारा म्हणून ‘बाप्तिस्मा’ टिकला, आणि आजही कॅथलिक व प्रोटेस्टंट दोघांबद्दल एकत्र लिहायचे असेल तर हाच शब्द वापरावा.

‘स्नानसंस्कार’ हा कॅथलिकांच्या घरचा शब्द. दक्षिणेत पाहिले तर त्याची भावंडे दिसतात: तमिळमध्ये ‘ज्ञानस्नानम्’, मल्याळममध्ये ‘ज्ञानस्नानम्’, कन्नडमध्ये ‘दीक्षास्नान’. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती परंपरेत मात्र ‘मामोदीसा’ म्हणतात, तो शब्द सिरियाक भाषेतून आलेला. मराठीने ‘स्नान’ घेतले आणि त्याला ‘संस्कार’ जोडले. ही जोड मला फार नेमकी वाटते. कॅथलिक धर्मात संस्कार सात आहेत: स्नानसंस्कार, दृढीकरण (कन्फर्मेशन), ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, रुग्णांना तैलाभ्यंग, गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याचा संस्कार) आणि विवाह. मराठी माणसाला सोळा संस्कार ठाऊक आहेतच. एकदा झाला की माणसाची अवस्था बदलते असे काहीतरी, हा ‘संस्कार’ या शब्दातला अर्थ कॅथलिक शिकवणुकीला जवळचा आहे. नुसते ‘विधी’ म्हटले तर तो अर्थ निसटतो.

‘स्नान’ या अर्ध्यावर मात्र आक्षेप घेतला जातो: अंघोळ तर कुणी घालत नाही! खरे आहे. आपल्याकडच्या चर्चमध्ये बहुतेक वेळा बाळाला वाडग्यासारख्या दगडी किंवा संगमरवरी कुंडावर धरतात आणि कपाळावरून तीनदा पाणी ओततात. पण कॅथलिक धर्मविधीसंहितेचे कलम 854 बुडवणे आणि ओतणे या दोन्ही रीती मान्य करते. पाणी त्वचेवरून वाहिले पाहिजे, ही खरी अट. ओल्या बोटाने टिळा लावला तर ते पुरत नाही. गंगेत तीन बुचकळ्या मारणे हेही स्नान आणि डोक्यावरून तांब्या ओतून घेणे हेही स्नान, असा मराठीचा व्यवहार आहे. म्हणून शब्दाला धक्का लागत नाही.

आता व्याकरण. ‘बाप्तिस्मा’ पुल्लिंगी, आकारान्त. त्याचे सामान्यरूप ‘मसुदा, मसुद्यात’ किंवा ‘दर्गा, दर्ग्यात’ यांच्यासारखे होते: बाप्तिस्म्याचा दाखला, बाप्तिस्म्याच्या वेळी, बाप्तिस्म्यासाठी. ‘बाप्तिस्माचा’ हे रूप छापील मजकुरात सर्रास दिसते, ते टाळावे. ‘बपतिस्मा’ हे हिंदीचे वळण, मराठीचे नव्हे. क्रियापदातही फरक आहे. प्रौढ माणूस बाप्तिस्मा ‘घेतो’. तान्ह्या बाळाला तो ‘दिला जातो’ किंवा बाळाचा ‘होतो’. ‘तीन महिन्यांच्या बालिकेने बाप्तिस्मा घेतला’ हे वाक्य कानाला खटकते ते यामुळेच. ‘बाप्तिस्मा करणारा योहान’ ही बायबलमधली रूढ रचना आहे, ती तशीच ठेवावी.

सर्वनामाचा मुद्दा यापेक्षाही महत्त्वाचा, आणि तो मराठीत विशेष अडचणीचा. पाणी ओतताना धर्मगुरू जे वाक्य म्हणतो ते लॅटिनमध्ये ‘एगो ते बाप्तीझो’ असे सुरू होते. म्हणजे मी तुला बाप्तिस्मा देतो, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. 2020 च्या ऑगस्टमध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केले की ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हटले तर बाप्तिस्मा होतच नाही. तो नव्याने द्यावा लागतो. कारण हा संस्कार देणारा ख्रिस्त आहे आणि धर्मगुरू त्याच्या वतीने बोलतो. जमलेल्या लोकांचा गट तो देत नसतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइट धर्मप्रांतातल्या एका तरुण धर्मगुरूच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या चित्रफितीत नेमके ‘आम्ही’ होते. बाप्तिस्मा झालेला नाही म्हणजे दृढीकरण नाही, गुरुदीक्षाही नाही. तिन्ही संस्कार त्याला पुन्हा घ्यावे लागले.

आता मराठीत हे वाक्य म्हणून पाहा. ‘मी देतो.’ ‘आम्ही देतो.’ क्रियापद अगदी एकच! इंग्रजीतही क्रियापद बदलत नाही, पण तिथे सर्वनाम गाळता येत नाही. मराठीत आपण ते सहज गाळतो: ‘देतो हं’, ‘येतो मग’. शिवाय आदराचे किंवा पदाचे ‘आम्ही’ आपल्या तोंडात बसलेले आहे. कीर्तनकार, संस्थाचालक, संपादक सगळे स्वतःबद्दल ‘आम्ही’ म्हणतात. म्हणून मराठी विधीत ‘मी’ हा शब्द पूर्ण आणि स्पष्ट उच्चारायला हवा. एकवचन आणि अनेकवचन वेगळे करणारी खूण त्या वाक्यात तेवढी एकच आहे. बाळाच्या जिवावर बेतले आणि धर्मगुरू यायला वेळ लागणार असला, तर चर्चचा हेतू मनात धरून कोणीही बाप्तिस्मा देऊ शकते. रुग्णालयातली परिचारिकाही, ती स्वतः ख्रिस्ती नसली तरी. तिने ‘मी तुला बाप्तिस्मा देते’ म्हणायचे. लिंगामुळे क्रियापद बदलते, त्याने काही बिघडत नाही. आधी बाप्तिस्मा झाला होता की नाही याबद्दल शोध घेऊनही खरी शंका उरली, तर वाक्याला ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ अशी अट जोडतात. तो पुन्हा दिला असे होऊ नये म्हणून ही काळजी, कारण बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो.

‘बारसे’ का नको? बारसे म्हणजे नाव ठेवणे. बाप्तिस्म्याच्या सुरुवातीला आईवडिलांना बाळाचे नाव विचारतात, त्यामुळे पाहुण्याला ते बारसे वाटते. पण ती प्रस्तावना असते. पुढे देवशब्दाचे वाचन, तेलाने अभ्यंग, सैतानाचा त्याग, श्रद्धेची कबुली, पाणी, मग क्रिझ्म या सुगंधी पवित्र तेलाने डोक्यावर अभ्यंग, पांढरे वस्त्र आणि पास्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती, असा क्रम असतो. पाणी हा त्याचा गाभा. एखाद्या घरी बारसे आधीच झालेले असते आणि बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात होतो. दोन्ही सुखाने नांदतात. नाव संताचेच हवे असाही नियम नाही. कलम 855 एवढेच म्हणते की नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे. त्यामुळे ‘सुहास’, ‘आनंद’, ‘करुणा’ ही बाप्तिस्म्याची नावे असू शकतात.

बारसे म्हटल्याने कागदोपत्री गोंधळही होतो. चर्चच्या नोंदवहीत नाव आले म्हणजे सरकारदरबारी आले, असा समज होतो. जन्माची नोंद ग्रामपंचायत किंवा पालिकेत 21 दिवसांत वेगळी करावी लागते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासारख्या कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच जन्मदाखला लागतो. दोन्हीकडे नावाचे लेखन अक्षरशः एक ठेवावे. एकीकडे ‘डिसोजा’ आणि दुसरीकडे ‘डिसोझा’ झाले की लग्नाच्या वेळी धावपळ ठरलेली.

बातम्यांत आणखी दोन शब्द चुकीच्या जागी येतात. ‘धर्मांतर’ हा बाप्तिस्म्याचा प्रतिशब्द नाही. कॅथलिक आईबापांच्या बाळाच्या बाप्तिस्म्यात कोणतेही अंतर पडत नाही. एखाद्या प्रोटेस्टंट माणसाचा बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याच्या नावाने झालेला असेल, तर तो कॅथलिक होताना पुन्हा बाप्तिस्मा होत नाही. म्हणून ‘बाप्तिस्मा देऊन कॅथलिक करून घेतले’ हे वाक्य अशा वेळी वस्तुस्थितीला सोडून असते. आणि ‘बाटवणे’? त्या शब्दात विटाळ आहे. ज्याला तो संस्कार पवित्र वाटतो त्याच्या तोंडावर आपण त्याला अपवित्र म्हणत असतो. जुन्या मजकुराच्या अवतरणात तो येईल तेवढाच येऊ द्यावा.

आता ‘स्पॉन्सर’. यंत्राकडून भाषांतर करून घेतले की तिथे ‘प्रायोजक’ येते, जणू कुणीतरी कार्यक्रमाचा खर्च उचलला आहे. बरोबर शब्द ‘धर्मपिता’ आणि ‘धर्ममाता’. गोव्याकडे पोर्तुगीजवरून ‘पादीन’ आणि ‘मादीन’ म्हणतात. ‘धर्माचा भाऊ’, ‘धर्माची बहीण’ म्हणजे मानलेला भाऊ, मानलेली बहीण, ही मराठीची जुनी जडणघडण इथे आयतीच उपयोगी पडते. रक्ताने नव्हे, धर्माने झालेले नाते. ‘गॉडफादर’ मात्र लिहू नये. मराठीत तो राजकारणातल्या किंवा चित्रपटसृष्टीतल्या पाठीराख्यासाठी रूढ झाला आहे.

हे नाते नुसते मानाचे नाही. 1917 च्या धर्मविधीसंहितेप्रमाणे धर्मपिता किंवा धर्ममाता आणि बाप्तिस्मा झालेली व्यक्ती यांचे आपसात लग्न होऊ शकत नसे. 1983 च्या संहितेने ती आडकाठी काढली. आज अटी अशा: धर्मपिता एक किंवा धर्ममाता एक, किंवा दोघे असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री. दोन मामा चालत नाहीत. वय साधारणपणे 16 पूर्ण, स्वतः कॅथलिक, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे संस्कार झालेले, आणि बाळाचा बाप किंवा आई नको. प्रोटेस्टंट मित्र असेल तर कॅथलिक धर्ममाता किंवा धर्मपित्यासोबत तो ‘साक्षीदार’ म्हणून उभा राहू शकतो, आणि भाषांतरातही त्याला साक्षीदारच म्हणावे. पत्रिका आधी छापून घेतात आणि मग कळते की धाकट्या काकाचे दृढीकरण झालेलेच नाही. म्हणून ‘धर्मपिता’ या शब्दापुढे नाव छापण्याआधी धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात विचारून घ्यावे. पत्रिकेवर ‘आमच्या मुलाचा स्नानसंस्कार रविवारी सकाळी होणार आहे’ एवढे पुरे. ‘स्नानसंस्काराचा विधी संपन्न होणार आहे’ मध्ये एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते.

‘मिनिस्टर’चे ‘मंत्री’ झालेले दाखले खरोखरच फिरतात. तिथे ‘संस्कार देणारे’ लिहावे आणि पुढे धर्मगुरूंचे नाव. ‘पॅरिश’ला ‘धर्मग्राम’, ‘डायोसीस’ला ‘धर्मप्रांत’, ‘पॅरिश प्रीस्ट’ला ‘प्रमुख धर्मगुरू’, ‘पुजारी’ नको. ‘कन्फर्मेशन’ला ‘दृढीकरण’, ‘पुष्टी’ लिहिले तर वाचणाऱ्याला कागद पडताळला असे वाटेल. नोंदीत बाळाचे, आईवडिलांचे, धर्ममातापित्यांचे आणि संस्कार देणाऱ्याचे नाव, बाप्तिस्म्याची तारीख व ठिकाण आणि जन्माची तारीख व ठिकाण असते. ‘जन्म’ आणि ‘बाप्तिस्मा’ या दोन तारखांची अदलाबदल ही सहज होणारी चूक, कारण जुन्या नोंदवह्यांत बाप्तिस्म्याची तारीख आधी येते.

शेवटचा रकाना ‘रिमार्क्स’, त्याला ‘शेरा’. तो रिकामा दिसला तरी भाषांतरातून गाळू नये. दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा यांच्या नोंदी बाप्तिस्म्याच्या मूळ वहीत त्या माणसाच्या नावासमोर चढवतात. म्हणूनच चर्चमधल्या लग्नासाठी दाखला सहा महिन्यांच्या आत नव्याने काढलेला मागतात. जुन्या दाखल्यावर नंतरचा शेरा नसतो. मूळ दाखल्यात तिथे काहीच नसेल, तर भाषांतरात ‘शेरा: काही नाही’ असे लिहावे. लग्नाच्या कागदपत्रांत त्या ‘काही नाही’चा अर्थ ‘याआधी चर्चमध्ये लग्न झालेले नाही’ असा होतो, आणि तपासणारे आधी तोच रकाना पाहतात.